कोपरा फाटलेलं कार्ड

सूस, २४ जून १९५९

कोळवणच्या कोंडाजीबुवांना भिवाजीचा रामराम.

तुमचा नातू जयसिंग इंटरला वरच्या वर्गात पास झाला, हे त्याने तुम्हाला कळवलं असेल. नसेल कळवलं तर रागावू नका. इथून सायकलने पुण्याला जायचं आणि यायचं, त्यात पोरगं कार्ड लिहायचं विसरतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या अर्थशास्त्राच्या सरांनी त्याला बोलावून सांगितलं की, बी.ए.ला तू ऑनर्स घे. मला जेवढं समजलं ते लिहितो. बाकीची मुलं करतात तेवढा अभ्यास करायचाच, त्यावर आणखी पेपर द्यायचे, दुपारी सरांपाशी बसायचं आणि सुटीतही वाचायचं. कॉलेजात मुलं पुष्कळ, पण ऑनर्सला मोजकीच घेतात. पुढे त्यातलेच कोणी प्रोफेसर होतात, कोणी सरकारात वर जातात. येत्या १३ जुलैला, सोमवारी, सर मुलांना एकेक करून बोलावणार आहेत आणि त्याच दिवशी नावं ठरणार आहेत.

गावाने शाळेत बोलावून त्याला नारळ दिला. फळ्यावर खडूने ‘सूसचा जयसिंग’ असं मोठं लिहिलं होतं. आमच्या घरच्या साळूबाईने आळीत पेढे वाटले. तुमचे पेढे पौडपर्यंत येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

हो म्हणायचं ते तुम्हीच. पोर माझ्या लेकीचं असलं तरी घर तुमचं आहे.

भिवाजी

•

कोळवण, ३० जून १९५९

सूसच्या भिवाजीबुवांना कोंडाजीचा रामराम पोचावा.

तुमचं पत्र नथूने वाचून दाखवलं. मग मी स्वतः परत वाचलं, कारण नथू भरभर वाचतो आणि मधलं गाळतो. वडलांपुढे बोलायचं नाही म्हणून स्वतःच्या पोराच्या बाबतीतही तो गप्पच असतो. तेव्हा जे लिहायचं ते मलाच लिहावं लागतं. माझं शिक्षण मराठी तिसरी, चुकलं तर सांभाळून घ्या.

पास झाल्याचं जयसिंगाने कळवलं नव्हतं. ते तुमच्याकडूनच कळलं. पेढे आले, थोडे दबले होते. आळीत वाटले तेव्हा लोकांनी विचारलं, कुठले पेढे? सूसचे, असं सांगावं लागलं.

व्याहीबुवा, राग मानू नका, पण मला एक समजत नाही. कोळवणच्या पोराला सूसच्या गावाने नारळ का द्यावा? आमच्याकडे नारळ मिळत नाहीत का? आणि तो सूसचा कधीपासून झाला? याला पहिली अक्षरं मी शिकवली. पाटी नव्हती, तर भाताचा तूस अंगणात पसरून त्यावर त्याचं बोट धरून मी गिरवून घेतलं. इथून कॉलेज लांब आणि तुमचं गाव जवळ, म्हणून दोन वर्षं तुमच्या घरी ठेवला. ठेवला म्हणजे दिला नाही.

मागच्या दिवाळीला जेवताना तो म्हणाला, “आपल्याकडं दूध आसं पातळ नसतं.” त्याच्या आजीने विचारलं, “आपल्याकडं म्हंजी कुटं रं?” पोरगं भाकरी कुस्करत बसलं. मी ताटावरून उठलो नाही, पण दूध तसंच ठेवलं. तुमच्या म्हशी चांगल्या आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

ऑनर्स चांगलं असेल. पण माझ्या मनात शंका येतात. इतकं वाचून डोळे गेले तर? इथल्या शिंप्याचा भाचा वाचून वाचून असा झाला की आता कोणाशी बोलत नाही, नुसता ओठ हलवतो. सुटीतही वाचायचं म्हणजे लावणीला नाही, झोडणीला नाही, जत्रेला नाही. दुपारी सर, संध्याकाळी तुम्ही. मग आमच्या वाट्याला काय उरलं?

मी अजून हो म्हटलेलं नाही, हे त्याला सांगा. तुमची सून, म्हणजे आमची, म्हणजे तुमची लेक सगुणा, खुशाल आहे. घाईत चुकतं.

कोंडाजी

•

सूस, ५ जुलै १९५९

कोंडाजीबुवांना रामराम.

तुमच्या पत्रानंतर मी शाळेत जाऊन फळ्यावरचं पुसायला लावलं आणि ‘सूसचा भाचा’ असं लिहवून घेतलं. लेकीचं पोर ते गावाचा भाचा, इतकं तरी तुम्ही आम्हाला ठेवाल असं वाटतं. कोळवणच्या नारळाची वाट बघतो.

डोळ्यांची काळजी नको. पोरगं धारोष्ण दूध पितं. आता त्याला चहा चालत नाही, साळूबाईने केला तरी तांब्या घेऊन गोठ्यातच येतं. सरांच्या घरचा दुधाचा रतीब माझाच आहे. त्यांच्या बायकोने सांगितलं की, सर घरीसुद्धा याचं नाव काढतात. ऐकून बरं वाटलं, तुम्हालाही वाटेल म्हणून लिहिलं.

तुमचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. त्याने ते ओसरीवर बसून वाचलं. मग मला म्हणाला, “आजा व्हय म्हनल्याबिगर मी जानार न्हाई.” व्याहीबुवा, तो असं म्हणाला म्हणून मी तुम्हाला हात जोडतो. तेरा तारखेच्या आत दोन ओळी टाका. सोमवार गेला की नावं लागली. मग कोणाचंच काही चालायचं नाही.

भिवाजी

•

कोळवण, ८ जुलै १९५९

(कार्ड)

चिरंजीव जयसिंगास आजाचा आशीर्वाद.

लावणी सुरू झाली. माणसं मिळत नाहीत. वरची खाचरं तशीच पडली आहेत. हे कार्ड मिळताच निघ. ऑनर्सचं काय ते मी समोर बसून सांगेन, पत्रात सांगणार नाही. तिथल्यांना विचारत बसू नकोस. सर शहाणे असतील तर थांबतील. भुरी गाय व्याली, कालवड झाली. तुझी आजी

•

सूस, २० जुलै १९५९

कोंडाजीबुवांना भिवाजीचा रामराम.

तुमच्या अंगणात मला जास्त बोलता आलं नाही. आता लिहितो.

त्या सोमवारी सकाळी जयसिंग धुतलेला सदरा घालून, सायकल पुसून निघाला होता. तुमचा होकार आलेला नव्हता. मीच म्हणालो होतो, जाऊन तर बस, आजा नाही म्हणाला तर नाव मागे घेता येईल. तेवढ्यात टपालवाला आला. साळूबाईने कार्ड हातात घेतलं आणि खालचा कोपरा फाटलेला बघितला.

आपल्यात तसलं कार्ड कशाचं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. माणूस गेल्याचं कळवायचं तेव्हाच कोपरा फाडतात, आणि असं कार्ड कोणी घरात ठेवत नाही. तिने ते उंबऱ्याबाहेर टाकलं. जयसिंगाने अंगणात जाऊन उचललं. वरचं त्याने वाचलं की नाही कोण जाणे. ‘मिळताच निघ’ एवढं वाचलं, आणि शेवटी ‘तुझी आजी’. त्यापुढे कागदच नव्हता.

अशा वेळी कॉलेजात जाऊन ये म्हणून कोण सांगेल? मी नाही सांगितलं. आम्ही डोंगर चढून भुकूमला उतरलो, तिथे एसटी मिळाली, पौडपासून चालत आलो. सगळ्या वाटेत पोरगं पुढे आणि मी मागे. पुढे बांधावर काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे.

तुम्ही म्हणालात, कालवडीने कोपरा खाल्ला. मी पाहुणा होतो, मान हलवली. पण व्याहीबुवा, माझा जन्म गोठ्यात गेला. नुकती जन्मलेली कालवड कागद खात नाही, आणि खाल्ला तरी असा सरळ फाटत नाही.

आता पुढचं. आम्ही परत येईपर्यंत नावं लागली होती. जयसिंगाचं नाव नाही. तो सरांकडे गेला, आजीसाठी गावी जावं लागलं म्हणाला. सर म्हणाले, आजी वारल्याची सबब आम्ही दर वर्षी ऐकतो. हा म्हणाला, आजी वारली नाही. सर म्हणाले, मग आला का नाहीस? याने कोपऱ्याचं सांगितलं. सरांना ती चाल माहीत होती. त्यांनी विचारलं, जिवंत माणसाचं असलं कार्ड कोण पाठवतं? तुमचं नाव त्याने घेतलं नाही, अजूनही घेत नाही.

सरांचा समज झाला आहे की पोरगं लबाड आहे. निवडलेल्यातला एक मुलगा दुसरीकडे जाणार म्हणतात, त्याची जागा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोकळी राहील. घरचं वडील माणूस येऊन काय झालं ते सांगेल तर ऐकेन, इतकं सर म्हणाले.

मी जाऊ शकलो असतो. रोज त्यांच्या दारात दुधाची किटली घेऊन उभा असतो. पण मी जाणार नाही. कार्ड तुमचं होतं.

भिवाजी

•

कोळवण, २५ जुलै १९५९

भिवाजीबुवांना रामराम.

तुमचं पत्र मी नथूला वाचायला दिलं नाही. खाटेवर बसून एकट्याने वाचलं.

आधी बांधावरचं लिहितो, कारण तुम्ही मागे होतात, तुम्हाला सगळं दिसलं नसेल. पोरगं बांधावरून पळत आलं. चिखलात पडलं, उठलं, आणि “आजी” अशी हाक मारली. तसा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आमची तुळजाबाई बायकांच्या ओळीत वाकून लावणी करत होती. तिने वर बघून विचारलं, “काय रं, कुनी मेलं का काय?” बायका हसल्या. पोरगं जिथे होतं तिथे चिखलात बसलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागलं.

व्याहीबुवा, त्या घडीला मला काय वाटलं ते दुसऱ्या कोणाला सांगता यायचं नाही. मला बरं वाटलं. वाटलं, दूध तुमच्याकडे पीत असेल, पण रडायला इथेच आलं. मी मनात तुम्हाला म्हणालो, बघा आता, कोणाचं आहे ते. तुम्ही बांधावर धापा टाकत उभे होतात, वहाण तुटून हातात आली होती, आणि मी हे म्हणत होतो.

कालवडीने काही खाल्लं नाही. कार्डाच्या शेवटी मी ‘तुझी आजी अंथरुणाला खिळली आहे’ असं लिहिलं होतं. तुमचा गोठा, तुमची साळूबाई, सरांच्या घरचा रतीब, हे सगळं सोडून तो लावणीला येईल असं मला वाटेना. आजीसाठी येईल असं वाटलं. लिहून झालं आणि तुळजाबाईच दारातून डोक्यावर पाटी घेऊन गेली. मला वाटलं, लिहिलेलं खरं झालं तर? शाईने खोडलं असतं तर खोडलेलं दिसलं असतं, पोराने विचारलं असतं. म्हणून तेवढा तुकडा फाडला आणि चुलीत घातला. दुसरं कार्ड घरात नव्हतं, टपालवाला निघाला होता, तसंच त्याच्या हातात दिलं.

टपालवाला ओढा उतरत होता तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही तर मयताची खूण झाली. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते तुम्ही मला विचारू नका. मी स्वतःला रोज विचारतो आहे.

पोरगं इथे तीन दिवस होतं. लावणी केली, माझ्याशी बोललं नाही. जाताना आजीच्या पाया पडलं, माझ्याही पडलं, पण पाहुण्याच्या पडावं तसं.

मी येतो. सरांपुढे बसायचं का उभं राहायचं? पागोटं डोक्यावर ठेवलेलं चालतं का? त्यांची भाषा शुद्ध असणार, माझं बोलणं त्यांना कळेल का? हे आधी लिहून पाठवा. मला रात्रभर याचीच काळजी लागते.

कोंडाजी

•

सूस, २९ जुलै १९५९

कोंडाजीबुवा,

या. पागोटं राहू द्या. सरांनी बसा म्हटलं की बसा, नाही म्हटलं तर उभे राहा. तुम्ही मला लिहिलंत त्यातलं निम्मं जरी बोललात तरी पुरे. निम्मंच बोला, तुम्हाला सुरू झाल्यावर थांबवत नाही.

साळूबाई विचारते, व्याहीबुवांना गोड काय करू. मी सांगितलं, पातळ दूध.

भिवाजी

•

सूस, ४ ऑगस्ट १९५९

चिरंजीव नथूस वडलांचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या आईला सावकाश वाचून दाखव, काही गाळू नकोस.

काल आम्ही कॉलेजात जाऊन आलो. दगडी इमारत आहे, व्हरांडा लांबच लांब. भिवाजीबुवा बाहेर बाकावर बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, तुमचं तुम्ही बोला. जयसिंग दाराशी उभा राहिला. सर माझ्या निम्म्या वयाचे असतील, चष्मा आहे. बसा म्हणाले, मी बसलो.

त्यांनी विचारलं, “आजी कशा आहेत?”

मी म्हणालो, “बरी हाय. परवाच नाचनी लावली तिनं.”

“मग कोपरा कोणी फाडला?”

“म्याच फाडला, सायेब. पोराचा काय दोष न्हाई.”

“कशासाठी?”

मी खूप ठरवून गेलो होतो. चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एक आठवेना. तोंडातून आलं ते असं, “हितं गुतला तर परत आमचा हुनार न्हाई म्हून.”

सरांनी हातातली पेन्सिल ठेवली. मला वाटलं आता हाकलतील. ते म्हणाले, “तुमची भीती खरी आहे. मी कोकणातून असाच शिकायला आलो. वडलांना वाटायचं परत येईन. मी सुटीत जातो, चार दिवस राहतो, आणि तिथे मला झोप येत नाही. तुमचा नातू ऑनर्सला आला तर असंच होईल. हे समजून तुम्ही हो म्हणता का?”

नथू, अशा वेळी कोणी खोटं बोलून धीर देतं. या माणसाने दिला नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच्यावर विश्वासही बसला. मी दाराकडे बघितलं. पोरगं माझ्याकडे बघत नव्हतं, फरशीकडे बघत होतं, आणि त्याच्या मानेची शीर उडत होती. लहानपणी मार पडणार असला की अशीच उडायची.

मी म्हणालो, “व्हय.”

त्यापेक्षा मोठं वाक्य मला जुळवता आलं नाही. सरांनी जयसिंगाला आत बोलावलं आणि त्याच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलले. त्याने उत्तर दिलं. परत काही बोलले, आणि पोरगं हसलं. लावणीनंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि कशावर हसलं ते मला कळलं नाही.

मग सरांनी सांगितलं की, ऑनर्सची मुलं वसतिगृहात राहतात, कारण संध्याकाळीही अभ्यास असतो. खर्चाचं ते कॉलेजातून बघणार आहेत. याच आठवड्यात सामान आणायचं.

बाहेर येऊन मी भिवाजीबुवांना हे सांगितलं. ते बाकावरून उठता उठता परत बसले. मला म्हणाले, “म्हंजी माझ्याकडं न्हाई ऱ्हानार त्यो?” मी नाही म्हटलं. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, परत डोक्यावर ठेवलं. मग म्हणाले, “पाव्हणं, आज तुमच्या पोटात काय दुखतंय ते मला कळलं.”

परत येताना जयसिंगाने माझ्या हातातली पिशवी घेतली. मी दिली नव्हती, त्याने घेतली.

संध्याकाळी साळूबाईने जेवायला वाढलं. दूध चांगलं दाट आहे. आईला सांग, पोरगं खोटं बोललं नव्हतं.

मी परवा निघतो.

कोंडाजी

•

कोळवण, २३ ऑगस्ट १९५९

भिवाजीबुवांना कोंडाजीचा रामराम.

जयसिंगाचं कार्ड आलं. वसतिगृहाच्या खोलीत आणखी दोघं आहेत, एक साताऱ्याकडचा आणि एक खानदेशातला. आमटी पातळ असते असं लिहिलं आहे. ‘सर म्हणतात’ असं कार्डात तीनदा आलं आहे. तुमचं नाव एकदा आहे, माझं एकदा. मी परत परत बघितलं, तेवढंच आहे.

तुम्हालाही कार्ड आलं असेल. त्यात काय आहे ते मी विचारत नाही. माझ्या कार्डापेक्षा मोठं असेल तर कळवू नका.

तुमच्या घरातून तो गेला, याचं मला समाधान वाटायला हवं होतं. दोन वर्षं तेच मागत होतो. घरी आल्यावर दोन दिवस वाट बघितली, समाधान काही आलं नाही. तो तुमच्याकडे होता तोवर मला निदान माहीत होतं, कोणाचा हेवा करायचा. रात्री जाग आली की तुमचा गोठा डोळ्यांपुढे यायचा, त्यात तुम्ही, त्यात पोरगं, आणि मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडायचो. आता जाग येते आणि डोळ्यांपुढे काही येत नाही. ती खोली मी बघितलेली नाही. तो वाचतो ते पुस्तक कसलं, मला माहीत नाही. सरांशी भांडावं तर त्या माणसाने मला आधीच खरं सांगून ठेवलं आहे.

तुळजाबाई म्हणते, साळूबाईंना विचारा, घर मोकळं वाटत असेल तर भात कापणीला इकडे येऊन राहा. ती तिच्या मनाने म्हणते, मी सांगितलेलं नाही. पण आलात तर मला चालेल. म्हशींचं दूध काढायला तिथे कोणी ठेवा.

आणि एक काम आहे, ते तुम्हालाच सांगता येतं. तुम्ही रतीब घालायला रोज पुण्याला जाता. आठवड्यातून एकदा वसतिगृहाकडून या. पोरगं वाळलं आहे का, डोळे लाल आहेत का, पायात काय घालतं, ते नीट बघा आणि मला सगळं लिहा. आमटी खरंच पातळ असेल तर दुधाचा तांब्या घेऊन जा.

तुम्हाला दारात बघून तो हसला, तर तेवढं लिहू नका.

कोंडाजी